दोन पोरं, एक पोतं

दोस्तहो, बालमजुरीवर आपण पत्रकं काढतो, घोषणा देतो. आज एक अडचणीचा सवाल टाकतो.

सांगलीत कृष्णाकाठच्या झोपडपट्टीत आम्ही दोघं एकाच वयाचे. २००५ च्या महापुराचं पाणी ओसरलं तवा सात-सात वर्षांचे. गाळातनं लोखंड, पत्रा, बाटल्या येचायच्या, भंगारवाल्याला घालायच्या. मग शाळा सुरू झाली. पोतं दोघांत एक आणि दप्तर माझ्याकडंच. तो म्हणाला, "तू जा रं, तुझं मी येचतो." संध्याकाळी पैसे निम्मे-निम्मे. मी सातवीपर्यंत रेटलं. तो दुसरीतच सुटला. आज तो हळदीची पोती वाहतो. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो, कविता लिहितो.

लोक म्हणतात, केवढा त्याग! मला हा शब्द टोचतो. त्यागाला हातात काहीतरी असावं लागतं, 'नाही' म्हणायची मुभा असावी लागते. त्या पोराकडं यातलं काय होतं? त्याची दोस्ती खरी. पण पोराच्या कष्टाचं कौतुक करण्यात ते कष्ट लादणारी व्यवस्था अलगद सुटते.

घटनेचं २४ वं कलम चौदा वर्षांखालच्या पोराला कारखान्यात, खाणीत, धोक्याच्या कामात लावू देत नाही. १९८६ ला कायदा आला. २०१६ च्या दुरुस्तीनं सगळ्या कामांवर बंदी घातली, पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्याला हातभार लावायची मोकळीक ठेवली. आपल्या घरचा धंदा ठरवला कुणी? जातीनंच ना? मग ही मोकळीक पोराची की जातीची?

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. त्याच काळात वडील रामजी सुभेदार गोरेगावला खजिनदार होते. तिथं दुष्काळी कामावर तळं खणलं जात होतं. शाळेतलं ते नाव इतिहासात राहिलं. तळ्याची माती उपसणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक? पण तोच शिकलेला पोरगा १९४२ ते १९४६ देशाचं मजूर खातं सांभाळत होता, आणि कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. ऋण नुसत्या डोळ्यांतल्या पाण्यानं फिटत नाही. ज्यांना मिळालं नाही त्यांचा हक्क मिळवून फिटतं.

यंदा त्याची पोरगी पहिलीत गेली. मी वह्या घेऊन गेलो. तो म्हणाला, "वह्या मी घीन रं. ती रोज शाळेत पोचती का, तेवढं बघ."

माझ्या सवालाचं उत्तर त्यानंच दिलं.