रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

छातीत धडधड, श्वास पुरेनासा होणं, हातापायांना मुंग्या, अंगाला दरदरून घाम आणि ‘आता मी मरणार’ अशी खात्री. हे सगळं काही मिनिटांत शिगेला पोचतं आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला असा पॅनिक अटॅक पहिल्यांदा येतो तेव्हा घरचे त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेत नाहीत. पुण्याजवळच्या देहूरोडसारख्या गावात ते आधी जातात बाजारातल्या फॅमिली डॉक्टरकडे किंवा कँटोन्मेंटच्या दवाखान्यात, आणि रात्र झाली असेल तर पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात. तिथे ईसीजी काढतात, रक्त तपासतात. हे योग्यच आहे, कारण दमा, थायरॉईड, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतला दोष यांतही अशीच लक्षणं दिसू शकतात. मग सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि डॉक्टर मुलाला म्हणतात, ‘तुला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नकोस.’ किशोरवयीन मुलांना मदत मिळत नाही याची चर्चा आपण तज्ज्ञांच्या तुटवड्यापासून सुरू करतो. मला वाटतं, ती या वाक्यापासून सुरू व्हायला हवी. मदतीसाठी आलेलं मूल दारात उभं असतं आणि आपण त्याला आनंदाने परत पाठवतो.

हे वाक्य धीर देण्यासाठीच उच्चारलेलं असतं, पण मुलाच्या कानांवर ते वेगळंच पडतं. त्याने मरण अनुभवलेलं असतं आणि मोठी माणसं म्हणतात काही झालंच नाही. म्हणजे आपण खोटं बोलतोय, नाहीतर आपल्याला वेड लागतंय. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं चक्र मांडलं, ते इथे उपयोगी पडतं. शरीरातल्या साध्या बदलाचा माणूस भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. ‘काही नाही’ म्हटल्याने हे चक्र तुटत नाही, कारण धडधड खरीच असते. तिचा दुसरा, खरा अर्थ मुलाला मिळालेला नसतो. मग ते टाळायला लागतं. ज्या लोकलमध्ये अटॅक आला तिच्यात चढत नाही. आकुर्डी-चिंचवडचं कॉलेज बुडतं, क्लास सुटतो, प्रिलिमच्या दिवशी पोट दुखतं. टाळल्यावर लगेच बरं वाटतं, म्हणून टाळणं घट्ट होत जातं. घरात याला आळस म्हणतात, कामचुकारपणा म्हणतात, कधी दृष्ट काढतात.

‘परीक्षेची भीती कुणाला वाटत नाही? आमच्या वेळी असले लाड नव्हते,’ हा आक्षेप नेहमीचा आणि अर्धा खरा आहे. भीती वाटणं हा आजार नाही आणि प्रत्येक धडधडीला निदान चिकटवू नये. पण भीतीपायी मुलाचं शाळा, प्रवास, झोप, मित्र यांतलं काही सुटू लागलं की ती नेहमीची भीती राहत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होतं. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी हाच अंदाज धरला तर साठ मुलांच्या वर्गात निदान चार तरी निघतील. जुन्या काळीही अशी मुलं होतीच. ती शाळा सोडायची आणि कुणी मोजायचं नाही.

दुसरा आक्षेप गोळ्यांचा. ‘एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत’ ही भीती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांबाबत रास्त आहे. त्यांची सवय लागते, आणि शेजाऱ्याच्या पाकिटातली एखादी मुलाला देणं धोक्याचं आहे. पण उपचार म्हणजे फक्त गोळी नव्हे. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बारा आठवड्यांनंतर, विचार आणि वागणूक बदलायला शिकवणाऱ्या उपचाराने साधारण ६० टक्के मुलं सुधारली, सर्ट्रालिन या औषधाने ५५, दोन्ही मिळून ८१ आणि नुसत्या दिखाऊ गोळीने २४ टक्के. ती मुलं इतर प्रकारच्या चिंताविकारांची होती, त्यामुळे आकडे पॅनिकला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण बोलून, सरावाने भीती उतरते हे त्यातून नक्की दिसतं. पॅनिकमध्ये हा सराव फार मूर्त असतो. समुपदेशक मुलाला मुद्दाम जागच्या जागी पळायला, जोरजोरात श्वास घ्यायला लावतो. तीच धडधड, तीच चक्कर येते, आणि मूल स्वतः अनुभवतं की यातून मरण येत नाही. मग एक स्टेशन लोकलने, मग दोन.

‘एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून?’ हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या पुढाकाराने दिल्लीच्या सरकारी शाळांत पदवीधर पण मानसशास्त्र न शिकलेल्या समुपदेशकांकडून अडचणी सोडवण्याची पद्धत शिकवून पाहिली गेली. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी नुसती पुस्तिका दिलेल्या मुलांपेक्षा जास्त कमी झाल्या. एकूण लक्षणांत मात्र सहा आठवड्यांनी ठळक फरक दिसला नाही. म्हणजे अशा माणसांकडून सगळं होणार नाही, पण सुरुवात होते आणि कुणाला पुढे पाठवायचं ते कळतं.

पालकांचा आक्षेप सगळ्यात नाजूक आहे: ‘आमच्या पाठीमागे आमच्या मुलाशी बोलणार?’ २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने १८ वर्षांखालचं मूल अज्ञान ठरतं, त्यामुळे उपचाराचे निर्णय पालकांना घेऊनच व्हायचे, आणि तसेच व्हावेत. पण पहिली दहा मिनिटं मुलाला एकट्याने बोलू देणं म्हणजे पालकांना डावलणं नाही. आई शेजारी बसलेली असताना कुठलाही मुलगा वर्गातल्या मारहाणीबद्दल किंवा बापाच्या दारूबद्दल बोलत नाही. जिवाला धोका असेल तर घरी सांगावंच लागेल, हे मुलाला आधीच सांगायचं. बाकीचं त्याच्या सोयीने.

देहूरोडची अडचण अशी की मधे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतलं कँटोन्मेंट बोर्ड, एका अंगाला पिंपरी-चिंचवड महापालिका आणि दुसऱ्या अंगाला मावळातली जिल्हा परिषदेची गावं. मूल रोज या तिन्ही हद्दी ओलांडतं. आरोग्ययंत्रणा ओलांडत नाही. १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे, पण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आईच्या मोबाईलवरून मनातलं बोलायचं कसं? सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे आणि त्यात कोचिंग क्लासही येतात. तो आदेश कागदावर राहू द्यायचा नसेल तर बोर्ड, महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी मिळून एक-दोन समुपदेशक ठेवावेत, त्यांचे वार शाळाशाळांत वाटावेत, आणि ते वार-वेळा बाजारातल्या प्रत्येक दवाखान्यात लिहून द्याव्यात. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर डॉक्टरला म्हणता येईल, ‘तुझं हृदय ठणठणीत आहे. तुला जे झालं ते खरं होतं, त्याला पॅनिक अटॅक म्हणतात आणि तो बरा होतो. गुरुवारी शाळेत यांना भेट.’