लेखणी आमची, मागणी कोणाची?

एका उपदेशक बंधूंनी आम्हांस पत्राने एक प्रश्न विचारला आहे. तो पुष्कळ मंडळ्यांत उद्भवणारा आहे असे वाटल्यावरून त्याचा विचार येथे करितो. त्यांच्या गावी ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा तयार होत आहे, आणि लिहिणेवाचणे जाणणारे म्हणून त्यांस त्या कामी बिनवेतन साहाय्य करण्यास बोलाविले आहे. वाडीतील लोकांच्या गरजा समजून घेऊन त्या ग्रामसभेपुढे येतील असे करावे, एवढेच ते काम. परंतु लोकांकडे गेले असता जो तो म्हणतो, "आम्हांला काय कळतंय, साहेब? तुम्हीच लिहा." बंधू विचारतात की, अशा वेळी आपण लिहून द्यावे की नाही? आणि शुभवर्तमानाच्या सेवकाने असल्या प्रापंचिक कामात पडावे तरी काय?

या दुसऱ्या शंकेस फार वेळ नको. नहेम्या हा प्रार्थनेचा मनुष्य होता, तरी यरुशलेमेस आल्यावर त्याने थोडी माणसे बरोबर घेऊन रात्री पडक्या कोटाची पाहणी केली, आणि मग कितीएक जण आपापल्या घरासमोरचा भाग बांधू लागले. ते दगडमातीचे काम देवाच्या सेवेबाहेरचे होते असे कोणी म्हणत नाही. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांस गावच्या चावडीची पायरी चढण्याची मोकळीक नव्हती. गावाचा विचार वर होई आणि झालेला निर्णय त्यांस खाली उभे राहून ऐकावा लागे. आज १९५८ सालच्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक स्त्रीपुरुष ग्रामसभेचा सभासद आहे, आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस राज्यघटनेत स्थान मिळाले आहे. अशी मिळालेली जागा आपण रिकामी ठेवावी हे आम्हांस कृतघ्नपणाचे वाटते.

पहिला प्रश्न मात्र कठीण आहे. तो आम्ही स्वतः एकदा चुकीच्या रीतीने सोडविला होता, म्हणून ती हकीकत सांगणे भाग आहे.

१४ व्या वित्त आयोगाचा पैसा २०१५ सालापासून ग्रामपंचायतींकडे येऊ लागला, आणि महाराष्ट्रात "आमचं गाव, आमचा विकास" या नावाने गावोगावचे आराखडे होऊ लागले. २०१७ साली आम्ही ज्या मंडळीत सेवा करीत होतो तेथील वाडीची मागणी लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही दोनतीन वडिलांशी बोललो, एका संध्याकाळी टेबलाशी बसलो आणि मागणी लिहून काढली. थोरल्या रस्त्यापासून प्रार्थनामंदिरापर्यंतची वाट सिमेंटची व्हावी असे तीत होते. भाषा चांगली उतरली होती. ठराव मंजूर झाला, रस्ता झाला, मंडळीने आभार मानले, आणि आम्हांस थोडा अभिमानही वाटला.

पुढच्या पावसाळ्यात वाडीच्या खालच्या अंगाच्या चार घरांत पाणी शिरले. नवा रस्ता जुन्या वाटेपेक्षा हातभर उंच झाला होता, आणि गटाराचे नाव आमच्या अर्जात कोठेही नव्हते. एका विधवा बहिणीची ज्वारीची कणगी तळातून भिजून गेली. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा ती रागावली नाही. ओली ज्वारी अंगणात पसरता पसरता ती म्हणाली, "पाळकसाहेब, मला इचारलं असतं तर सांगितलं असतं, पाणी कुठनं उतरतं ते."

त्या घराच्या उंबऱ्यावर तिने चाळीस पावसाळे काढले होते. आम्ही त्या गावी तीन वर्षे होतो.

आमचा हेतू वाईट नव्हता, असे आम्ही तेव्हा स्वतःस सांगितले. पण पुढे विचार करिता आमचे अज्ञान हा आमचा मुख्य दोष नव्हता असे दिसून आले. "तुम्हीच लिहा" हे शब्द आम्ही परवानगी म्हणून घेतले, हा दोष होता. ती परवानगी नव्हती. चावडीखाली उभे राहिलेल्या पिढ्यांची ती सवय होती, आणि त्या सवयीचा आम्ही उपयोग करून घेतला. आपल्याच लोकांनी, आपल्याच प्रार्थनामंदिराच्या वाटेसाठी तो केला, म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही.

आपल्या प्रभूने असे केले नाही. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय ओरडत होता. त्याला काय हवे हे उघड दिसत होते, आणि प्रभूस तर सर्व ठाऊक होते. तरीही त्याने त्या भिकाऱ्यास जवळ बोलाविले, तुझ्यासाठी मी काय करावे असे विचारले, आणि त्याच्या तोंडून उत्तर येऊ दिले. गणनेच्या पुस्तकातील सलाफहादाच्या पाच मुलींकडेही पाहा. बापाला पुत्र नव्हता म्हणून घराण्याचा वतनभाग बुडू नये, ही मागणी घेऊन त्या दर्शनमंडपाच्या दाराशी सर्व मंडळीसमोर स्वतः उभ्या राहिल्या. मोशे नियमशास्त्र जाणणारा होता, पण त्याने जागच्या जागी उत्तर दिले नाही आणि त्यांची मागणी आपल्या शब्दांत बदललीही नाही. ती होती तशी त्याने परमेश्वरापुढे नेली, आणि ती योग्य ठरली.

हा विवेक केवळ शास्त्रातच आढळतो असे नाही. केरळात १७ ऑगस्ट १९९६ रोजी लोकयोजनेची चळवळ सुरू झाली, आणि राज्याच्या योजनानिधीचा सुमारे ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरले. गावकऱ्यांच्या मागण्यांस हिशेबाचे व नकाशाचे रूप कोणी द्यावे हा प्रश्न आला, तेव्हा निवृत्त इंजिनियर व इतर जाणत्या लोकांस स्वयंसेवक म्हणून बोलाविण्यात आले. त्यांस सल्ला देण्याचा अधिकार होता. गावाने आधी काय व मागाहून काय हवे म्हणून लाविलेला क्रम बदलण्याचा नव्हता. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची रीत तर याहून बोलकी आहे. तेथे अभ्यासगट निराळा व ग्रामसभा निराळी. अभ्यासगटात बाहेरचा मित्र बसू शकतो, माहिती देऊ शकतो, वादही घालू शकतो. निर्णय मात्र गावकरी ग्रामसभेत एकमताने करितात. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे विद्वान सहकारी त्या गावाबरोबर वर्षानुवर्षे राहिले, पण गावाच्या वतीने बोलणारे झाले नाहीत. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्या गावास सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे हा सगळा धीर होता.

यावर कोणी म्हणेल की, शिकलेला मनुष्य गप्प बसला तर गावातील धटिंगण बोलेल, आणि गरिबाचे काय होईल? हा आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही मौनाचा उपदेश करीत नाही. माहिती देणे हे मत लादण्याहून वेगळे आहे, आणि माहिती दडविणे हे पापच होय. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के पैसा पाणी व स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता आणि ४० टक्के गावाच्या इतर गरजांसाठी मोकळा ठेविला होता. हे ज्या वाडीस कोणी सांगितले नाही तिने गटाराची मागणी कोणत्या जोरावर करावी? प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा व्हावयाची असते, हेही पुष्कळ बहिणींस ठाऊक नसते. जो उपदेशक त्या गावचा मतदार आहे त्याने आपल्या नावाने उभे राहून आपले मत अवश्य मांडावे. लोकांनी गटार सोडून स्वागतकमान मागितली, तर ती चूक आहे असे त्यांस एकदा स्पष्ट कारणांसह सांगावे. त्यानंतरही त्यांनी कमानच म्हटली, तर कमान लिहावी. हे आम्हांस सोपे जाते असे मुळीच नाही.

येथे एका वाईट चालीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ग्रामसभेस एकंदर मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असावे लागतात. तेवढे न जमल्यास सभा तहकूब होते, आणि पुढील सभेस त्या संख्येची अट राहत नाही. हा खटाटोप टाळावा म्हणून कोठे कोठे हजेरीची वही घरोघर फिरविण्यात येते, आणि जे सभेस गेलेच नाहीत त्यांच्या सह्या व अंगठे तीत पडतात. वही फिरविणारा बहुधा कोणी भला, लिहिता येणारा मनुष्यच असतो. आपल्या उपदेशकांनी ती वही हाती घेऊ नये. न आलेल्या मनुष्यास आला म्हणून लिहिणे हे खोटे आहे, आणि ज्याच्या तोंडचा शब्द काढून घेतला त्याच्याच अंगठ्याने ते खोटे पुरे करणे हे त्याहून वाईट आहे.

आणखी एक गोष्ट, जी बोलताना आपल्यांतील कित्येकांस अवघड वाटते. आराखड्याच्या निमित्ताने आपण सर्व धर्मांच्या घरांत जातो. त्या जाण्याच्या पाठीमागे उपासनेस बोलाविण्याचा हिशेब असू नये. शेजाऱ्याच्या दारच्या हातपंपाची मागणी तो मंडळीत येवो न येवो, सारख्याच काळजीने टिपून घ्यावी. प्रभूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला. म्हणून नऊ जणांचे आरोग्य काढून घेतल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या बंधूंस आमचे उत्तर असे आहे की, लेखणी जरूर धरावी, परंतु "तुम्हीच लिहा" असे कोणी म्हटले की ती खाली ठेवावी आणि बसून राहावे. पहिल्या दिवशी कोणी बोलणार नाही. आमच्या वाडीत दोन संध्याकाळी कोणी बोलले नाही.

२०१८ साली २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची सभा भरली, तेव्हा ती विधवा बहीण तीस आली होती. पुष्कळ वेळ ती मागे बसून होती. मग ती उठली, काठीने जमिनीवर वाडीचा उतार काढला आणि पाण्यास कोठून वाट हवी ते दाखविले. ग्रामसेवकांनी ते तेथेच वहीत उतरून घेतले. आमची बदली झाल्यावर दोन वर्षांनी ते गटार झाले असे कळते, तेही अर्धेच. उरलेल्या अर्ध्यासाठी ती प्रत्येक ग्रामसभेत उभी राहते.