1 जूनचा जन्म

"पोरी, आधारवर एकोणीस वर्षं होती. बघूनच मंगलाष्टका म्हटल्या. माझा काय गुन्हा?"

अण्णा माझे चुलते, केज तालुक्यात लग्नं लावतात. नवरी पंधराची निघाली.

"अण्णा, 2006 च्या बालविवाह कायद्याचं कलम 10 तुम्हाला एक वाट ठेवतं. हा बालविवाह नाही असं मानायला कारण होतं, हे तुम्ही सिद्ध करायचं. नाही जमलं तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी."

"आधार हे कारण नाही?"

"त्यावरची तारीख कुणी सांगितली?"

"बापानं सांगितली असंल."

"म्हणजे विश्वास बापावर ठेवलात. शाळेचा दाखला मागितला?"

"दाखला तरी कुठं खरा असतो? माझा जन्म 1 जूनचा, गुरुजींनी टाकलेला. निम्म्या गावाचा तोच."

हा मुद्दा मला झटकता येत नाही. कायदा वय कागदावर मोजतो आणि आमचे कागद अंदाजानं भरलेले. तरी म्हटलं, "गुरुजींची चूक वर्ष-सहा महिन्यांची. त्यानं पंधराची एकोणीस होत नाही."

"अन् नवरदेव? एकवीसचा, निरक्षर, ऊसतोडीला जाणारा. त्याला वाट?"

"त्याच्या कलम 9 मध्ये तसं वाक्य नाही. न्याय संहितेत सद्भावानं झालेल्या चुकीला माफी आहे, पण पुरेशी काळजी न घेता केलेल्या कृत्याला कायदा सद्भाव म्हणत नाही. इंग्लंडात 1875 साली अल्पवयीन मुलीला बापाच्या संमतीविना नेणाऱ्या हेन्री प्रिन्सला ती अठराची आहे असं प्रामाणिकपणे वाटलं होतं. तरी शिक्षा झाली."

"पोथी वाचणाऱ्याला वाट, अन् अक्षर न कळणाऱ्याला नाही. हा न्याय?"

नाही. त्याला कागद वाचता येत नव्हता, अण्णांना येत होता. म्हणून विचारण्याचा भार अण्णांवर जास्त, असं मला वाटतं. शिवाय हे बीड आहे. जोडपं म्हणजे एक कोयता, लग्न झालं की मुकादमाकडून जोडीची उचल मिळते. दसरा-दिवाळीनंतर गाव रिकामं होतं, वयात आलेली पोर एकटी कुणाकडे ठेवायची, ही आईबापाची धास्तीही खरी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर स्त्रियांत चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. इथं "मला वाटलं" एवढ्यावर भागत नाही.

"अण्णा, कोर्ट एकच विचारील. शाळा किती लांब होती?"

ते बराच वेळ बोलले नाहीत.

"मांडव शाळेच्याच पटांगणात होता."