तळाच्या थरातला आंबा

हापूस जमिनीवर पडला तरी लगेच काही कळत नाही. साल तशीच तुकतुकीत राहते. मार आत बसलेला असतो, आणि चार-पाच दिवसांनी आंबा पिकू लागला की काळपट मऊ डाग वर येतो. तोवर पेटी आमच्या जामसंडे गावाहून वाशीच्या बाजारात आणि तिथून कुणाच्या तरी घरी पोचलेली असते. म्हणून झेल्याने उतरवलेला आंबा वेगळा आणि पडीचा वेगळा, हा आमच्या घरचा पहिला नियम.

दहा-अकरा वर्षांचा असताना मी तो मोडला. पेटीत एक आंबा कमी पडत होता, मी पडीचा उचलून तळाला पेंढ्यात सारला. आजीने पाहिले. "झिला, देव बघता हा," ती म्हणाली. वडील देवळात जात नसत, सणाला हात जोडत नसत. त्यांनी भरत आलेली पेटी उपसली आणि तो आंबा माझ्या हातात ठेवला. "जो पेटी उघडतलो, तो बघतलो," एवढेच बोलले.

दोघांनी बाजूला काढायला लावलेला आंबा एकच होता. पण आजीचा बघणारा सर्वशक्तिमान होता, शिक्षा करू शकणारा. वडिलांचा बघणारा आमचे काहीच वाकडे करू शकत नव्हता. त्याला आमचे नावही माहीत नसणार. धर्माशिवाय माणूस नीतीने वागू शकतो का, हा प्रश्न मी जेव्हा जेव्हा ऐकतो, तेव्हा मला हा दुबळा, अनोळखी बघणारा आठवतो.

गावरहाटीचे मोल मला कमी करायचे नाही. गावच्या दिर्बादेवीसमोर गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा मागणे एकट्यासाठी नसते. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यासाठी, गुराढोरांसाठी, आजाऱ्यासाठी मागतात आणि सगळा जमाव एका आवाजात "होय महाराजा" म्हणतो. कोर्टात सहज खोटे बोलणारी माणसे देवाच्या पायरीवर अडखळताना मी पाहिली आहेत. नास्तिकाकडे अशी पायरी नाही, आणि ही उणीव खरी आहे. पण मान कोणाचा आणि पायरीखाली उभे कोणी राहायचे, हेही कोकणातल्या देवळांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच देवाच्या नावाने ठरवले. त्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे कोण सांगणार? सॉक्रेटिसने युथिफ्रोला हेच विचारले होते: देवांना आवडते म्हणून एखादी गोष्ट चांगली, की चांगली आहे म्हणून ती देवांना आवडते?

या प्रश्नाचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात, कणकवलीला, एका श्रद्धावान माणसाने जगून दिले. अप्पासाहेब पटवर्धन 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला साफ करण्याचे काम मलाही द्या, अशी त्यांची मागणी होती. ब्राह्मणाला ते काम मिळेना, म्हणून त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडास आणि चामड्याचे काम हीच साधना मानली. ते देव मानत होते. पण ज्या धर्माने ते काम एका जातीच्या डोक्यावर लादले, त्याला त्यांनी चूक ठरवले. ही पारख त्यांच्याकडे आली ती डोक्यावर टोपली वाहणाऱ्या माणसाकडे पाहून. ते पाहणे आधीचे, शास्त्राधार नंतरचा, असे मला ठामपणे वाटते.

दुसरा माणूस देव न मानणारा, तोही कोकणातलाच. र. धों. कर्वे. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत त्यांनी पदरमोड करून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. एकामागून एक बाळंतपणांनी खचलेल्या, तोंड उघडायची चोरी असलेल्या बायकांसाठी त्यांनी हे सोसले. त्यांना स्वर्ग मिळवायचा नव्हता, इहलोकी तर शिव्या आणि खटलेच मिळाले. त्यांच्याआधी सुधारक आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, तीही याच वाटेवर.

'समाजस्वास्थ्य'मधल्या मजकुरावरून कर्व्यांवर झालेला 1934 चा खटला लढवला डॉ. आंबेडकरांनी. खटला ते हरले, पण ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. समाजाला धर्म हवाच, असे आंबेडकरांचे मत होते. कर्व्यांना त्याची गरज वाटत नव्हती. तरी न्यायालयात दोघे एका बाजूला उभे राहिले. पुढे 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये आंबेडकरांनी देवाच्या जागी नीतीलाच बसवले. देव वजा केल्यावरही माणसांना एकत्र बांधणारे काही उरले पाहिजे, ही त्यांची काळजी होती. विवेकवाद्यांनी ती पुरेशी मनावर घेतलेली नाही. एकटा कर्वे निभावून नेतो. पण दहा वर्षांच्या पोराला पेटी उपसून दाखवणारे कोणीतरी लागतेच.

हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी परराज्यातला आंबा 'देवगड' छापलेल्या पेटीत भरून विकला जातोच. असे विकणाऱ्या एका गाळ्यात मी उभा होतो. गल्ल्यावर ताजा हार घातलेली तसबीर होती, उदबत्ती जळत होती. ती श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. फक्त त्या तसबिरीकडे पाहताना पेटी नेणारी बाई त्या माणसाच्या नजरेतून सुटली होती.

आजी गेली, वडीलही गेले. एप्रिलमध्ये अजून आंबा काढतो. पडीचे आंबे वेगळ्या क्रेटमध्ये जातात आणि ते कॅनिंगला, किलोच्या पडत्या भावाने. यंदा कामावर असलेल्या मुलाने विचारले, "काका, एक घातलंव तर कोणाक कळतला?" मी त्याला पेटीवर चिकटवायची चिठ्ठी वाचायला दिली. डोंबिवलीचा पत्ता होता, तिसरा मजला. त्याने ती दोनदा वाचली, मग हातातला आंबा उलटसुलट करून पाहिला आणि क्रेटमध्ये ठेवला.