कुऱ्हाडीचं पाणी

बसा. घाई कसलीच नाही. घरात हातकुऱ्हाड असेल तर आणून मांडीवर आडवी ठेवा, धार तुमच्यापासून पलीकडे. नसेल तर डोळ्यांपुढे आणा. अंगणात सरपणाच्या ढिगाशेजारी, ओंडक्यात रुतवून ठेवलेली अशी एखादी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असतेच.

अजून काही करू नका. फक्त वजन जाणवू द्या. ते सगळं एका टोकाला गोळा झालंय आणि दुसरं टोक जवळजवळ रिकामं आहे. ज्या टोकाला तुमचा हात असतो, ते रिकामं.

आता एक प्रश्न मनात सोडा आणि लगेच उत्तर देऊ नका. हिचं तुम्ही काय करणार?

डोंगरात तंबू ठोकून रात्र काढायला निघालेला माणूस कुऱ्हाड विकत घेतो, तेव्हा त्याच्या मनात एक झाड असतं. ते झाड मनातून काढून टाका. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड हा सगळा मुलूख अभयारण्यात मोडतो. तिथं उभ्या फांदीलाही हात लावायचा नाही, आणि जिथं अभयारण्य नाही तिथंही जंगल आपल्या मालकीचं नसतं. सरपण पायथ्याच्या गावातून विकत घ्यायचं आणि परवानगी असेल तिथेच चूल पेटवायची. मग कुऱ्हाडीला उरतं काय? पावसाळ्यात एक मोळी घेऊन बघा. साल भिजलेली, वरचं लाकूड काळं पडलेलं, काडी लावली तर नुसता धूर. त्यातलं मनगटाएवढं एक लाकूड उभं करून मधोमध फोडलं की आत कोरडा, फिकट गाभा निघतो, आणि त्याच्या चिरफळ्या आठवडाभराच्या झडीतही पेट घेतात. मुक्कामाच्या कुऱ्हाडीचं खरं काम एवढंच. ती पाडण्यासाठी नसते, उघडण्यासाठी असते.

काम एवढं असेल तर हत्यारही तेवढंच हवं. पातं 600 ते 700 ग्रॅमचं, दांडा 35 ते 45 सेंटिमीटरचा. दुकानात हात आपोआप जड कुऱ्हाडीकडे जातो, कारण जड म्हणजे दणकट असं आपल्याला वाटतं. पण पात्याचं वजन दुप्पट केलं तर घावाची ताकद दुप्पट होते, आणि वेग दुप्पट केला तर चौपट. जड कुऱ्हाड दहा घावांनंतर हाताला मंद करते. अकरावा घाव कुठे पडेल याचा मग भरवसा नसतो.

त्या अकराव्या घावाशी जरा थांबू. ‘आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं’ आपण इतक्या वेळा बोललोय की त्यातलं पातं बोथट झालंय. उठून उभे राहा आणि रिकाम्या हातानं, अगदी सावकाश, कुऱ्हाड फिरवल्यासारखं करा. हात खाली येऊ द्या आणि थांबवू नका. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर बहुधा पुढच्या मातीत जाते. आखूड दांड्याची चुकली की तिचा फेरा आत वळतो आणि नडगीशी येऊन संपतो. आता गुडघ्यांवर बसा, समोर बुटका ओंडका आहे असं समजा, आणि तोच हात परत फिरवा. या वेळी फेरा जमिनीवर संपला. आखूड कुऱ्हाड बसून चालवायची ती एवढ्यासाठी. म्हण करणाऱ्यानं नडगीवरची खूण पाहिलेली असणार.

परत बसा. आता पात्याकडे या.

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर, रस्त्याकडेला, गाडीलोहारांची बिऱ्हाडं उतरलेली दिसतात. लहानसा भाता, जमिनीत रोवलेली ऐरण. पुरुष सांडशीत लालभडक तुकडा धरून फिरवत असतो आणि समोर बाई घण घालत असते, दोघांत एकही शब्द न बोलता. तुकडा बहुतेक वेळा ट्रकच्या कमानपाट्याचा. वर्षानुवर्षं खड्डे सोसून लवलेलं आणि परत सरळ झालेलं ते पोलाद कुऱ्हाडीला चांगलं मानवतं. आकार आला की धारेकडची कड परत तापवतात आणि पाण्यात बुडवतात. चर्रर्र आवाज होतो. याला आपल्याकडे ‘पाणी देणं’ म्हणतात.

हा शब्द थोडा वेळ जिभेवर ठेवा. पोलाद तापवून एकदम थंड केलं की कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून लोहार ते पुन्हा हलकं गरम करतो आणि घासून उजळलेल्या कडेवर रंग चढताना बघत बसतो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा साधारण 220 अंशांना येतो, निळा 300 च्या आसपास. कुठल्या रंगाला थांबायचं, यावर त्या कुऱ्हाडीचं आयुष्य ठरतं. फार लवकर थांबला तर धार तुटेल, उशीर झाला तर वळेल. कठीणपणा फक्त कडेला हवा, बाकी पातं मऊच राहायला हवं, नाहीतर घावाचा हादरा पचवणार कोण? माणसाचं पाणी जोखणं, पाणीदार डोळे, एखाद्याचं पाणी उतरणं हे सगळं याच पाण्याच्या घरातलं.

पाणी उतरतं कसं, ते मी पाहिलंय. एका वर्कशॉपमध्ये माझी कुऱ्हाड धार लावायला दिली होती. दोन मिनिटांचं काम म्हणाले, आणि खरंच दोन मिनिटांत झालं. ग्राइंडरवर ठिणग्यांचा पिसारा फुलला आणि कडेवर बोटभर रुंदीचा सुंदर निळा पट्टा उमटला. मला तो इतका आवडला की मी बोट फिरवून पाहिलं. पुढच्या मुक्कामावर बाभळीच्या गाठीवर दुसऱ्याच घावाला धार पत्र्यासारखी दुमडली. लोहारानं ज्या रंगाआधी हात आवरला होता, तो रंग त्या चाकानं ओलांडला होता. चूक चाकाची नव्हती. दोन मिनिटांचा मोह माझाच होता.

विकत घेताना पात्याचं पाणी जोखायला एक कानस पुरते. दुकानदारानं परवानगी दिली तर कडेच्या कोपऱ्यावर हलकेच ओढून बघा. कानस जराशी चावत असेल तर पाणी योग्य. काचेवरून घसरावी तशी घसरली तर कड फार कठीण आहे, ती कपचे काढणार. लोण्यात गेल्यासारखी गेली तर पाणी दिलेलंच नाही. मग पातं दोरीला टांगून बोटाच्या पेरानं टिचकी मारा आणि ऐका. अखंड लोखंड वाजतं, चिरलेलं बद्द बोलतं. मडकं घेताना आपण हेच करतो.

आता नजर पात्यावरून दांड्याकडे सरकवा आणि मध्ये, जिथं लाकूड लोखंडात शिरतं तिथं थांबा.

संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथं तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या. 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथं उत्खनन केलं आणि एका अख्ख्या संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कुऱ्हाडींना दांडा बसवायचं भोकच नाही. नुसतं सपाट, कडेला पसरट होत गेलेलं तांबं. लाकूड कुजून गेलेलं, त्यामुळे त्या कशा धरल्या जात असतील हे पात्यावरून कळत नाही. पण 1991 मध्ये आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, बर्फातून सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा एक माणूस निघाला. त्याच्याजवळची तांब्याची कुऱ्हाड दांड्यासकट शाबूत होती. दांडा साठेक सेंटिमीटरचा, मुळातच काटकोनात फुटलेल्या फांदीचा. पातं खाचेत बसवलेलं, झाडाच्या सालीपासून काढलेल्या डांबरानं सांधलेलं आणि वरून चामड्याच्या वादीनं आवळलेलं. धातू वितळवणं जमलं होतं, ओतणं जमलं होतं, आणि तरी त्या माणसाची खरी काळजी त्या वादीच्या वेढ्यांत दिसते: हे दोघं एकमेकांना धरून राहतील ना?

तीच काळजी तुमच्या मांडीवर आहे. लोखंड ऋतू मानत नाही. लाकूड तोडून कितीही वर्षं झाली तरी मानतं. आषाढात फुगतं, वैशाखात आकसतं. म्हणून उन्हाळ्यात पातं डुगडुगायला लागतं, आणि मग आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय होतो: रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी पातं घट्ट बसलेलं असतं आणि मनाला बरं वाटतं. पण फुगलेलं लाकूड लोखंडात अडकून आतल्या आत चिरडतं, वाळलं की आधीपेक्षा बारीक होतं, आणि पुढच्या खेपेला बादली लवकर आणावी लागते. त्यापेक्षा कुऱ्हाड पातं खाली लोंबकळेल अशी उलटी धरा आणि दांड्याच्या वर आलेल्या टोकावर लाकडी ठोकळ्यानं टोले द्या. पातं जडपणामुळे जागचं हलत नाही, दांडा त्यात आणखी शिरतो. उलट वाटतं, पण होतं असंच. एवढ्यानं भागलं नाही तर नवी पाचर ठोका, वाळलेल्या कडक लाकडाची. डुगडुगणारं पातं घेऊन मुक्कामाला मात्र जाऊ नका. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

दांडा डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून त्यावरून बघा. धार दांड्याच्या मध्यरेषेत उतरते का? मग बुडाकडचं कापलेलं टोक पाहा. तिथल्या लाकडाच्या रेघा पात्याच्या दिशेनंच धावायला हव्यात. आडव्या असतील तर दांडा त्या रेघांवरून फुटेल. लांबीवरच्या रेघाही वरपासून खालपर्यंत पोचायला हव्यात. मध्येच बाजूला निसटणारी रेघ म्हणजे उद्याची भेग. गाठ असेल तर परत ठेवून द्या. तुळतुळीत रंगवलेल्या दांड्यावर मी विश्वास ठेवत नाही. रंग हे सगळं झाकतो, आणि घामेजल्या तळव्याला फोडही आणतो.

अमेरिकेत यासाठी हिकरीचं लाकूड लागतं, युरोपात ॲशचं. सह्याद्रीत धामण आहे, धावडा आहे, आणि पठारावर बाभूळ. धामण हे सापाचंही नाव, आणि हे लाकूडही तसंच, लवतं पण मोडत नाही. हाताला बसणारा झटका ते वाटेतच पिऊन टाकतं. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणताना आपण फितुरी बघतो. मला वाटतं ही म्हण करणाऱ्यानं दांडा कधी स्वतः तासून बसवला नसावा. तासला असता तर त्याला हेही दिसलं असतं की प्रत्येक घावाचा अर्धा हादरा तो दांडाच सोसतो, आपल्यासाठी.

दांड्यावरून तळवा खालीवर फिरवा. कुठे खरखरतंय तिथं थांबा. काचेचा तुकडा किंवा बारीक पॉलिशपेपर घेऊन तेवढंच घासा.

आता धार. दिवा लावा आणि धार सरळ डोळ्यांकडे करून, सुरक्षित अंतरावर धरून बघा. जिथं जिथं पांढरी बारीक रेघ चमकते, तिथं ती बोथट आहे. बोथट कडेला रुंदी असते आणि रुंदीवर उजेड बसतो. खरी धार दिसत नाही. उजेडाला तिथं बसायला जागा नसते.

पातं पाटाला घट्ट बांधा, हातमोजा घाला आणि कानस फक्त पुढे जाताना दाबा. येताना उचला, कानशीचे दात एकाच दिशेला कापतात. दोन्ही बाजू मिळून 25 ते 30 अंशांचा कोन पुरे. आणि मसुरीच्या दाण्याच्या कडेला असतं तसं किंचित पोट राहू द्या. सपाट, पातळ धार लाकडात अडकून बसते; पोट असलेली लाकूड बाजूला सारते. कानशीचे ओरखडे कुरुंदाच्या दगडानं काढा. थोडं पाणी, लहान लहान गोल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आवाज ऐका. आधी करकर, मग सरसर, मग जवळजवळ काहीच नाही. मोजू नका. श्वासाकडे लक्ष द्यायला मी सांगणार नाही, तो आपणहून त्या गोलांना येऊन मिळतो. लक्ष जरा उडालं की दगडाचा कोन बदलतो आणि आवाज ते लगेच सांगतो.

शेवटी तेल. पात्याला कुठलंही चालेल, पण दांड्याला जवसाचं. ते लाकडात मुरतं आणि हवेनं घट्ट होतं. खोबरेल नुसतं चिकट राहतं. चिंधीवर चार थेंब घ्या आणि तळव्याच्या उबेनं चोळत न्या. बुडाकडचं कापलेलं टोक जास्त पितं, त्याला पुन्हा द्या. पावसाळाभर कुऱ्हाड चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं दमट होतं आणि महिन्याभरात कडेवर तांबूस ठिपके उठतात. खिळ्याला उघडी टांगा, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर.

आणि ती चिंधी. जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती ऊब अडकते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती झटका, पूर्ण उलगडा आणि दोरीवर एकटीच वाळत घाला.