घुणाक्षर की घट?

श्रोतेहो, घुण नावाचा किडा लाकूड पोखरतो आणि पोखरता पोखरता एखादे अक्षर उमटते. किड्याला काही लिहिता येत नसते. याला शास्त्रांत घुणाक्षरन्याय म्हणतात. आमच्या कोरेगावची शिकलेली मुले आता विचारतात, "बुवा, एवढ्या अफाट ब्रह्मांडात जीव झाला तो असाच ना?" वडीलधारे रागावतात. रागवायचे कशाला? सृष्टी कोठून झाली हे तिच्या अध्यक्षाला तरी ठाऊक आहे का, असे ऋग्वेदातले नासदीय सूक्तच विचारते.

कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (ते २०२५ साली निवर्तले) याच शोधात होते. २००५ साली हैदराबादेहून फुगा सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा आणली. तीत जंतू मिळाले. तीन जाती नव्या निघाल्या. एकीला आर्यभटाचे नाव दिले. हे जंतू आकाशातून उतरले की इथूनच वर गेले, याचा निकाल मात्र लागला नाही. आणि वरून आले म्हटले, तरी तिथे ते कसे झाले, हे राहिलेच!

काही जण अशा ठिकाणी चटकन देव बसवतात. उद्या कोडे सुटले म्हणजे देवाला उठवायचे का? शिवाय घुणाक्षराचा दाखलाही पुरता लागू पडत नाही. किडा बरे अक्षर राखून ठेवीत नाही. आपला शेतकरी घेवड्याचे चांगले बी राखतो, तसे सृष्टीत तगणारे राहते, बाकीचे गळते; फक्त निवडणारा हात तिथे नाही. डार्विनने १८५९ साली हे मांडले. पहिला जीव कसा झाला, ते कोडे निराळे.

नैयायिक म्हणतात, घट आहे त्याअर्थी कुंभार आहे. युक्तिवाद बळकट खरा. पण कुंभार घटाबाहेर बसतो, आणि मग घटाला गेलेला तडाही त्याच्याच माथी येतो. जिचे लेकरू गेले त्या माउलीला "ही योजनाच होती" असे सांगायचे? माझ्याने सांगवत नाही.

वेदान्ताने कुंभार आणि माती वेगळी ठेवलीच नाही. कोळी आपल्याच अंगातून सूत काढतो, हा उपनिषदाचा दृष्टांत. ज्ञानोबारायांनाही जग हा चैतन्याचा विलास दिसला. अशी एक माउली आमच्याकडे आहे. तिला मी एवढेच म्हणालो, "बाई, तुझ्या डोळ्यांतले पाणीसुद्धा त्याच्याबाहेरचे नाही." तिला ते पटले का, मी विचारले नाही. एकादशीला ती येते, खांबाला टेकून बसते.