समजलं ना?

आईच्या दम्याच्या कागदावर दोन पंपांची नावं होती. एकापुढे 'बीडी', दुसऱ्यापुढे 'एसओएस'. डॉक्टरांनी विचारलं, "समजलं ना?" आम्ही दोघांनी माना डोलावल्या. मराठीत या प्रश्नाला 'हो' हे एकच सभ्य उत्तर आहे.

तीन आठवड्यांनी रात्री दोन वाजता आई पलंगाच्या कडेला बसलेली दिसली. हात गुडघ्यांवर, प्रत्येक श्वासाबरोबर खांदे वर, वाक्य पुरं होत नव्हतं. दुसरा पंप कपाटातच होता, न वापरलेला. हॉस्पिटलमध्ये जरा बरं वाटल्यावर तिला विचारलं, तर म्हणाली, "एसओएस लिहिलं होतं ना? जहाज बुडताना करतात तो इशारा. मला वाटलं, अजून बुडत नाहीये."

'एसओएस' हा तीन लॅटिन शब्दांचा संक्षेप, अर्थ 'गरज पडल्यास'. डॉक्टरांनी योग्यच लिहिलं होतं, आणि आईनेही त्या अक्षरांचा तिला ठाऊक असलेला अर्थच लावला होता. मग चूक कोणाची?

मेडिकल कौन्सिलच्या नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली: औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं. पण सुवाच्य आणि सुबोध यांत अंतर आहे. 'एसओएस' अगदी सुवाच्य होतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यात पुढचं पाऊल टाकलं. रुग्णाला समजणार नाही अशा तांत्रिक माहितीचा भडिमार केला, वर संमतीपत्रावर सही घेतली, म्हणून डॉक्टरचं कर्तव्य पुरं होत नाही, असं तिथे म्हटलं आहे. तो खटला उपचारातल्या धोक्यांबद्दलचा होता, पण तेच तत्त्व आईच्या कागदालाही लागू पडतं. सांगून झालं म्हणजे पोचलं असं नाही.

दम्याच्या लेखी आराखड्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे असतात. फुंकून मोजायच्या पीक फ्लो मीटरवर स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा, ५० ते ८० पिवळा, ५० च्या खाली लाल. आता रात्री दोन वाजता धाप लागलेल्या बाईने टक्केवारी काढायची का? आईचा सर्वोत्तम आकडा ३००. म्हणजे २४० आणि १५०. हे गणित दिवसाउजेडी, खुर्चीत बसून, एका मिनिटात करता येतं. तेवढं केलं नाही, की ते आजारी माणसाच्या वाट्याला येतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सोपं करताना काहीतरी गळतं. प्रत्येक दमा वेगळा असतो, शिवाय मोठ्या माणसाला लहान मुलासारखं समजावणं हा त्याचा अपमानच. पण आईला खरा अपमान वाटला तो न समजता मान डोलवावी लागली त्याचा. काय गाळलं तर चालेल हे ठरवायलाच तर डॉक्टरचं ज्ञान लागतं. ते ठरवण्याचं काम रुग्णावर ढकलणं हा काही त्याचा सन्मान नव्हे.

मला वाटतं, अवघड लिहिण्यामागे बहुतेकदा घाई असते आणि थोडी भीतीही. 'गरज पडल्यास' हे कधीच चूक ठरत नाही. गरज पडली होती की नाही, हे रुग्णाने ओळखायचं. "आकडा १५० च्या खाली किंवा वाक्य पुरं होईना, तर हा पंप घ्या आणि लगेच हॉस्पिटल गाठा" हे मात्र लिहिणाऱ्याला बांधून ठेवतं. स्पष्ट वाक्याखाली लिहिणाऱ्याची सही असते. माझीही सही हवी होती. मी शिकलेला, शेजारच्याच खुर्चीत बसलेला, आणि 'एसओएस म्हणजे नेमकं कधी?' एवढं विचारलं नाही.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी नवा कागद केला. "समजलं ना?" असं विचारलं नाही. म्हणाल्या, "काकू, रात्री दम लागला, तर काय काय कराल ते मला सांगा." आई पिवळ्या पट्ट्याशी अडखळली, दोन्ही पंपांची अदलाबदल झाली. डॉक्टर म्हणाल्या, "मी नीट लिहिलं नाही," आणि स्वतःचं वाक्य खोडून नव्याने लिहिलं: 'रोजचा' आणि 'दम लागल्यावरचा'.

तो कागद आता कॅलेंडरशेजारी चिकटवलाय. खाडाखोडीसकट.